चार मिलिमीटरांची गोष्ट

रांजणगांवास परगांवचा मनुष्य येतो तो दोनच कामांसाठीं. एक तर महागणपतीच्या दर्शनास, नाहीं तर औद्योगिक वसाहतींत पोटापाण्यास. आमच्या घरीं या दोन्ही गोष्टी एका छपराखालीं नांदत आल्या. आम्ही स्वतः शिरूर तालुक्यांतील एका शाळेंत संस्कृत आणि गणित शिकवून निवृत्त झालों. आमचे धाकटे बंधु वसाहतींत कामास होते. आमच्या वाट्यास अमरकोश आला, त्यांच्या वाट्यास लेथ. पगार मात्र दोघांचाही एकाच डब्यांत पडे, आणि त्या डब्याची किल्ली आमच्या मातोश्रींच्या कनवटीला असे.

सन २०११ मध्यें बंधूंनीं मोटार घेतली. ती फियाटची लिनीआ टी-जेट. १३६८ घन सेंटिमीटरांचें एंजिन, त्यावर टर्बो, आणि ११४ अश्वशक्ति. गाडी बनली होती आमच्याच गांवच्या कारखान्यांत. फियाट इंडिया ही कंपनी १९९७ सालीं स्थापन झाली. पुढें टाटांनीं तींत निम्मी भागी घेतली, आणि लिनीआ बंद झाल्यानंतरही त्या आवारांतून टाटांची नेक्सॉन व जीपची कंपास या गाड्या निघत राहिल्या. "ही आपल्या गांवचें पाणी प्यालेली गाडी आहे, दादा," असें बंधु मोठ्या अभिमानानें म्हणत. दर रविवारीं गाडी धुवावयाची, सणावारीं बॉनेटला हार घालावयाचा, आणि घरांतील कोणासही चाकास हात लावूं द्यावयाचा नाहीं, असा त्यांचा नेम होता.

तीन वर्षांपूर्वीं बंधु गेले. गाडी विकावी असें दोघां-तिघांनीं सुचविलें. परंतु भावजयीनें एकदांच "नको" म्हटलें, आणि तो विषय संपला. पुतण्या चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यांत नोकरीस आहे. तो रविवारीं येऊन गाडी चालू करी, तेल बदली, धुळ पुशी. बाकीचे दिवस ती अंगणांत झूल पांघरून उभी असे.

गेल्या कार्तिकांत पेन्शनीसाठीं हयातीचा दाखला द्यावयास आम्हांस शिरूरच्या बँकेंत जावयाचें होतें. एस्. टी. चुकली. किल्ली खुंटीवर लटकत होती. मोटार चालविण्याचा परवाना आमच्याकडे आहे. परंतु तो खिशांत असणें आणि चालवितां येणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें आम्ही त्या दिवशीं विसरलों. जातांना सर्व ठीक झालें. येतांना समोरच्या फळीवर एक तांबडा दिवा लागला. त्यावर झारीसारखें चित्र होतें. आम्हांस वाटलें, कांच धुण्याचें पाणी संपलें असावें. झारी म्हणजे पाणी, असा सरळ शब्दार्थ आम्हीं लावला आणि आणखी नऊ-दहा किलोमीटर गाडी हांकली. कारेगांवाजवळ एंजिनांत कोणी खलबत्त्यांत कुटावें तसा आवाज सुरू झाला आणि गाडी उभी राहिली. हयातीचा दाखला खिशांत घेऊन आम्ही रस्त्याच्या कडेस उभे!

एंजिन उघडल्यावर मेस्त्रीनें क्रँक आमच्यापुढें टाकला. दोन जर्नलांवर नख अडकेल अशा चऱ्या पडल्या होत्या; बेरिंगाच्या वाट्या वितळून चिकटल्या होत्या. "तेल पोंचलें नाहीं, गुरुजी. घासून भागणार नाहीं. क्रँक नवाच घालावा लागेल," असें तो म्हणाला. तेलाचा दिवा लागला होता हें आम्ही बोललों नाहीं. घरींही कोणास सांगितलें नाहीं. जुनें एंजिन, गेलें, अशी सर्वांची समजूत झाली, आणि ती आम्हीं तशीच राहूं दिली.

पुढल्या रविवारीं पुतण्या आला तो कागदांची एक गुंडाळी घेऊन. "अण्णाकाका, क्रँक नाहींतरी बदलायचाच आहे. मग चार मिलिमीटर जास्त स्ट्रोकचाच कां घालूं नये? पुण्यास एक जण पोलादाच्या गट्ट्यांतून कातून देतो. एंजिन १३६८ चें १४३३ होईल." खर्च सव्वातीन लाख. जुन्या मोडीच्या गाडीचा चांगला क्रँक मिळाला तर सर्व मिळून पाऊण लाखांत काम होत होतें. वरचे पैसे आईच्या मुदतीच्या ठेवींतून काढावे, असा त्याचा बेत होता, आणि भावजय त्यास नाहीं म्हणणार नाहीं हें आम्हांस ठाऊक होतें.

वाचकांपैकीं ज्या भगिनींनीं लहानपणीं जातें पाहिलें असेल त्यांस क्रँक समजावयास अडचण पडूं नये. जात्याचा खुंटा मध्यापासून वीतभर दूर असेल तर हात पुढें-मागें दोन वितींचा प्रवास करतो. एंजिनांत हें उलट घडतें. पिस्टन, ज्यास आम्ही शाळेंत दट्ट्या म्हणत असूं, तो वरखालीं धांवतो आणि खुंटा फिरवितो. खुंटा मध्यापासून ४२ मिलिमीटर दूर असेल तर पिस्टनाची धांव ८४. खुंटा ४४ वर नेला कीं धांव ८८. सिलिंडराचा व्यास ७२ मिलिमीटर. वर्तुळाचें क्षेत्रफळ गुणिलें धांव गुणिलें चार सिलिंडर, हें गणित सातवीच्या मुलासही यावें. उत्तर पहिल्यांदा १३६८, दुसऱ्यांदा १४३३. म्हणजे एकविसावा हिस्सा वाढ, खुंटा अवघा दोन मिलिमीटर सरकवून.

ही युक्ति पुतण्याच्या डोक्यांतून निघालेली नव्हे, आणि त्यानेंही तसा दावा केला नाहीं. फियाटचें याच घराण्यांतलें धाकटें एंजिन १२४२ घन सेंटिमीटरांचें होतें, व्यास ७०.८, धांव ७८.८६. त्याचें १३६८ करतांना व्यास थोडा आणि धांव बरीच वाढविली. आम्ही हिशेब मांडून पाहिला, तर वाढलेल्या १२६ पैकीं ४२ व्यासामुळें आणि ८४ धांवेमुळें, म्हणजे दोनतृतीयांश श्रेय क्रँकास. आमच्या देशांत मात्र सरकारी कायद्यानें हेंच गणित उलटेंही फिरविलें आहे. सन २००६ च्या अंदाजपत्रकांत लहान मोटारींवरील कर उतरला, पण पेट्रोलच्या गाडीचें एंजिन १२०० घन सेंटिमीटरांच्या आंत पाहिजे अशी अट आली; म्हणून २००९ सालीं रांजणगांवांतून निघालेल्या पुंतो गाडींत तेंच १२४२ चें एंजिन ११७२ होऊन बसलें. पुढें डिसेंबर २०१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या परिसरांत २००० घन सेंटिमीटरांच्या व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबविली, तेव्हां महिंद्रांनीं आपल्या २१७९ च्या एंजिनाची १९९० ची आवृत्ति कांहीं आठवड्यांतच बाजारांत आणली. त्या २१७९ मध्यें व्यास ८५ आणि धांव ९६ आहे. व्यास तोच ठेवावयाचा तर १९९० साठीं धांव किती धरावी, हें उदाहरण आम्हीं शेजारच्या एका विद्यार्थ्यास घातलें, त्यानें ८७.७ असें बरोबर उत्तर काढलें.

पुतण्याचा खरा आदर्श निराळाच होता. इटलींतील आल्फा रोमिओ कंपनीच्या व्हित्तोरिओ यानो नामक शिल्पकारानें १९३१ सालीं आठ सिलिंडरांचें, वायुपूरक यंत्र जोडलेलें एंजिन रस्त्यावर आणलें. व्यास ६५, धांव ८८, एकूण २३३६. पुढल्याच वर्षीं शर्यतीच्या गाडीसाठीं व्यास तोच ठेवून त्यानें धांव १०० केली आणि एंजिन २६५४ झालें. ती गाडी जून १९३२ मध्यें मोंझा येथें प्रथमच शर्यतींत उतरली आणि नुव्होलारीनें पहिल्याच दिवशीं इटलीची ग्रां प्री जिंकली. हीच आल्फा कंपनी १९८६ सालीं फियाटच्या पदरीं आली. "म्हणजे घराणें एकच झालें कीं," असें पुतण्या हंसून म्हणाला. आम्हांस मात्र आपल्या मराठी राजाची आठवण झाली. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेची डुसेनबर्ग एस्. जे. घेतली होती, तिचें एंजिन ६.९ लिटरांचें, आणि वर असाच वायुपूरक. तिच्या पिस्टनाची धांव पावणेपांच इंच होती. लांब धांव आणि ठोसून भरलेली हवा यांची जोडी लावण्याचा शोक आजच्या मुलांचाच आहे असें म्हणतां येत नाहीं. पण होळकरांचा खजिना आणि भावजयीची मुदतठेव यांत अंतर आहे.

वायुपूरक म्हणजे काय, तें आम्ही पुतण्याकडूनच शिकलों. साधें एंजिन आपल्या श्वासानें जितकी हवा ओढूं शकेल तितकीच घेतें. वायुपूरक ती दाबून आंत घालतो, म्हणून तितक्याच पोकळींत अधिक हवा, अधिक पेट्रोल, अधिक जोर. जुन्या तऱ्हेचा वायुपूरक पट्ट्यानें किंवा दात्यांनीं एंजिनावरच चालतो. टर्बो चालतो तो एंजिनानें टाकून दिलेल्या धुरावर. आतां येथें एक गंमत आहे. पट्ट्यावरचा वायुपूरक दर फेऱ्याला ठराविक हवा मोजून देतो. एंजिनाची पोकळी वाढविली आणि वायुपूरक तोच ठेवला तर दाब वाढण्याऐवजीं उतरतो. पिठलें तेवढेंच आणि पंगतींत पान एक वाढलें, तशी गत. मग पट्ट्याचें चाक बदलून त्यास अधिक वेगानें फिरवावें लागतें. टर्बोचें तसें नाहीं. पोकळी वाढली कीं धूरही वाढतो, तो टर्बोस लौकर जागें करतो, आणि ठरलेला दाब गांठला कीं एक झडप जास्तीचा धूर बाजूस सोडून देते. पुतण्यास हवा होता तो हाच लाभ. सिग्नलावरून निघतांना टर्बो जागा होईपर्यंत गाडी किंचित् रेंगाळते. थोरलें एंजिन तें रेंगाळणें कमी करील.

आम्हीं विचारलें, "एकविसावा हिस्साच हवा असेल तर हवेचा दाबच एकविसाव्या हिश्श्यानें वाढविला तर?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "वरच्या वेगांत तेवढाच जोर येईल. सुरुवातीला नाहीं येणार." उत्तर प्रामाणिक होतें. मग तो लांब खुंट्याच्या तरफेबद्दल बोलूं लागला, तेव्हां आम्हींही आपलें जुनें पदार्थविज्ञान बाहेर काढलें. खुंटा लांब केला म्हणजे जोर फुकट वाढतो हा समज खोटा आहे. पोकळी तीच ठेवून खुंटा लांबवावा तर पिस्टन अरुंद करावा लागतो, त्यावरचा एकूण रेटा तितक्याच प्रमाणांत उतरतो, आणि हिशेब जिथल्या तिथें राहतो. जोर वाढतो तो पोकळी वाढल्यामुळें. हें त्यानें मान्य केलें; लहानपणीं गणितांत चूक कबूल करतांना जसा कान खाजवी तसा खाजवून.

त्या रात्रीं माजघरांतल्या पाटावर आम्ही दोघे बारा वाजेपर्यंत आंकडे मांडीत बसलों. भावजय दोनदां कॉफी ठेवून गेली. खुंटा दोन मिलिमीटर वर सरकला कीं पिस्टनही वरच्या टोंकास दोन मिलिमीटर अधिक चढणार आणि हेडावर आपटणार. म्हणून पिस्टनाची खीळ दोन मिलिमीटर वर घेतलेले नवे पिस्टन पाहिजेत, नाहीं तर कनेक्टिंग रॉड आंखूड पाहिजेत. रॉड आंखूड केला तर तो अधिक तिरपा पडून पिस्टनास भिंतीवर रेटतो. एका सिलिंडरांत ३४२ घन सेंटिमीटरांऐवजीं ३५८ हवा येणार आणि ती पूर्वींच्याच ३९ च्या खोबणींत दाबली जाणार. म्हणजे दाबाचें प्रमाण ९.८ वरून १०.२ वर. साध्या एंजिनास हें पचतें. टर्बोनें आधींच दाबलेली हवा पुन्हां इतकी दाबली तर पेट्रोल ठिणगीची वाट न पाहतां पेटतें आणि पिस्टनावर हातोडे बसतात. म्हणून पिस्टनाच्या माथ्यावर जवळ जवळ दोन घन सेंटिमीटरांची जास्त वाटी कोरली पाहिजे. मिनिटास ६००० फेरे धरले तर पिस्टनाचा सरासरी वेग सेकंदास १६.८ मीटरांवरून १७.६ वर. ब्लॉकाच्या आंतल्या भिंतीस खुंट्याचें टोंक लागतें कीं काय तें पाहावयाचें. सर्व वजनें पुन्हां तोलावयाचीं. पेट्रोल आणि ठिणगी यांचे कोष्टक नव्यानें लिहावयाचें. आम्हांस एकसारखें वृत्त आठवत होतें. श्लोकांत एका ठिकाणीं लघूचा गुरु केला कीं तेथेंच निभत नाहीं; पुढचे शब्द हलवावे लागतात, मग यति चुकतो, आणि शेवटीं सबंध चरण नवा रचावा लागतो. यानोनेंही धांव वाढविली तेव्हां भोंवतालची सर्व गाडी नवीच केली होती, एक वायुपूरक जाऊन दोन आले होते.

"हें सगळें होईल," पुतण्या म्हणाला. "मी करीन." आणि आमची खात्री झाली कीं तो करील. त्याच्या हातीं बापाचाच हात आला आहे.

मग आम्हीं गाडीचें नोंदणीपत्र काढलें. त्यांत एंजिनाची क्षमता स्पष्ट छापलेली. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ असें सांगतो कीं निर्मात्यानें मूळ दिलेल्या तपशिलाशीं नोंदणीपत्रांतला तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकानें गाडींत करूं नये. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ कडकच लावला. त्याच जातीचें दुसरें एंजिन घालण्यास नियमानें वाट आहे. या फेरफारास नाहीं. उद्यां दुर्दैवानें अपघात झाला तर विमा कंपनीही बोट दाखवील.

"अण्णाकाका, एंजिन उघडून कोण पाहणार आहे? बाहेरून तर तेंच दिसतें."

पस्तीस वर्षे आम्हीं मुलांच्या तोंडून हें वाक्य निरनिराळ्या रूपांत ऐकलें आहे आणि त्यावर द्यावयाचें व्याख्यान आम्हांस तोंडपाठ आहे. तें सुरूही केलें. दोन वाक्यें झालीं असतील, आणि आमची जीभ अडखळली. समोर कागदावर खराब झालेल्या क्रँकाचें चित्र होतें. एंजिन बाहेरून तेंच दिसतें हें आम्हीही महिनाभर धरूनच होतों कीं!

आम्हीं व्याख्यान सोडलें आणि तांबड्या दिव्याची हकीकत सांगितली. झारी, कांच धुण्याचें पाणी, नऊ-दहा किलोमीटर, सर्व.

पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. पेन्सिलीचें टोंक त्यानें कागदावर दाबून मोडलें. मग खालीं बघून म्हणाला, "तेल मी बदललें होतें. दिवाळीच्या आधीं. खालचा नट आवळला तेव्हां बाबांचा पाना सांपडला नाहीं, म्हणून हातांत आला त्यानें आवळला. मला रोज वाटतें, तो सैल राहिला. झूल काढली तेव्हां खालीं डाग होता, मीं पुसून टाकला." म्हणून नवें, अधिक मजबूत, पोलादी एंजिन! बापाची गाडी आपल्या हातून गेली, ती बापाहून सरस करून परत द्यावी, हा त्याचा बेत. जोराची हौस वरवरची. आम्हीं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कोणाचा दोष किती, याचें गणित त्या रात्रीं आम्हां दोघांपैकीं कोणीं मांडलें नाहीं. दारांतून भावजय म्हणाली, "झालें असेल तर पानें घेतें, रात्रीचा भात उरला आहे, फोडणी दिली आहे." तिनें किती ऐकलें होतें, देव जाणे.

आमच्या गांवची स्थलकथा अशी कीं त्रिपुरासुरावर विजय मिळावा म्हणून शंकरांनीं येथें गणपतीचें पूजन केलें. तामिळनाडूंत अचरपाक्कम् येथें याच कथेला एक शेंपूट आहे; गणपतीस विसरून शंकर निघाले तेव्हां रथाचा आंसच मोडला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्या देवळांत जाऊन आला. आम्हीं त्यास कांहीं विचारलें नाहीं.

मोडीच्या बाजारांत त्याच जातीचा, ८४ च्या धांवेचा क्रँक पंधरा दिवसांनीं सांपडला. जर्नलें सूक्ष्ममापकानें तपासून, नव्या वाट्या व नवा तेलपंप घालून पुतण्यानें एंजिन स्वतः जोडलें. मेस्त्रीनें फक्त जागा आणि हत्यारें दिलीं. खर्च आमच्या पेन्शनीच्या बाकींतून झाला; त्यावर भावजयीनें वाद घातला, पण आम्ही वडीलकीचा हक्क चालविला. लांब स्ट्रोकाचे कागद त्यानें फाडले नाहींत. मोडीच्या बाजारांतूनच त्यानें एक रिकामा ब्लॉक उचलून आणला आहे, आणि तो गोठ्यांत लोखंडी घोड्यावर बसवून सुट्टीच्या दिवशीं त्यांत खुंट्याचीं मापें घेत असतो. तें एंजिन रस्त्यावर जावयाचें नाहीं, असें त्यानें आपण होऊन सांगितलें. आम्ही त्यास फेऱ्यांचे कोष्टक करून देतों.

भंगारवाला आला तेव्हां जुन्या क्रँकाचे त्यानें किलोवर पैसे सांगितले. भावजयीनें तो विकूं दिला नाहीं. तिनें तो रॉकेलानें पुसून जिन्याखालीं, बंधूंच्या हत्यारांच्या पेटीशेजारीं ठेवला आहे. हरवलेला पाना त्याच पेटीच्या मागें सांपडला.

रविवारीं सकाळीं तेलाची कांडी ओढून पाहण्याचें काम आतां आमच्याकडे आहे. कांडीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्यें पाहिजे. आम्ही चष्मा लावून पाहतों, आणि मग पुतण्याही एकदां पाहतो.